कयाधूमाय

दत्तभक्तहो, आपली कयाधू वाशीम जिल्ह्यात उगम पावते, नामदेवरायांच्या नर्सीवरून, हिंगोलीवरून वाहत जाऊन पैनगंगेला मिळते. नाव प्रल्हादाच्या आईचं, हिरण्यकश्यपूच्या राणीचं! तिच्याच लेकासाठी देव नृसिंह झाला, अन् तेच नाव श्रीनृसिंहसरस्वती महाराजांनी धारण केलं. गर्भार कयाधूला नारदांनी आश्रमात ठेवून उपदेश केला. भागवत सांगते, पुढे ती तो विसरली. पोटातल्या लेकरानं मात्र धरून ठेवला. मलाही हल्ली ऐकलेलं गुरुचरित्र घरी पोचेस्तोवर आठवत नाही. आधी फार खंत वाटायची. आता पारायणाला नातवाला मांडीवर घेऊन बसतो. झोपला तरी उठवत नाही.