खिडकीखाली सापडलेल्या गोळ्या

वह्या मिटा. आज धडा पुढे जाणार नाही.

वर्गाच्या खिडकीखाली जंतांवरच्या अल्बेंडाझोलच्या गोळ्या पडल्यात. काही अख्ख्या, काही चावून थुंकलेल्या. आठवीतली मुलं तुम्ही, आणि आपण काय थुंकतोय हे कळू नये?

"माझं पोट दुखत नाही, मला कशाला गोळी?" मागच्या बाकावरून आलं हे. अरे, जंत वर्दी देऊन येतो का? गोल जंताची मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेतून बाहेर पडतात, ओलसर मातीत दोन-तीन आठवडे पिकतात आणि न धुतलेल्या काकडीवरून, तुमच्या त्या वाढलेल्या नखांतून पोटात जातात. आतड्यात अळी बाहेर येते, भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात पोचते, श्वासनलिकेतून घशाशी चढते. तिथे आपण ती गिळतो! मग कुठे ती आतड्यात मुक्काम करते आणि वीतभर, कधी त्याहूनही लांब वाढते. एवढं सगळं घडतं आणि तुम्हाला फार तर थोडा खोकला येतो.

अंकुशकृमीला तर तुमचं तोंडही लागत नाही. ओल्या मातीतली त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत घुसते. जेमतेम सेंटीमीटरभराचा जंत, पण आतड्याला तोंड रुतवून रक्त पितो. असे पुष्कळ झाले की पोर पांढरंफटक पडतं, प्रार्थनेला चक्कर येते, अभ्यासात लक्ष लागत नाही. घरचे त्याला आळशी म्हणून बोल लावतात. मला याचा फार राग येतो.

आणि गोड खाल्लं की जंत होतात, हे पुन्हा माझ्यासमोर म्हणायचं नाही. गुळात जंताची अंडी नसतात. ती असतात ओढ्याकाठी, जिथे घरात संडास असूनही तुमच्यातले काहीजण टमरेल घेऊन जातात. तिथेच तुमची धाकटी भावंडं मातीत खेळतात. तुमच्या पोटातला जंत उद्या त्यांच्या पोटात जाणार आहे, कळतंय का?

गोळीनं पोटातले जंत मरतात, मातीतली अंडी नाही. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला ती शाळा-अंगणवाडीत फुकट मिळते, आणि तुम्ही ती खिडकीबाहेर टाकता.

ज्यांनी खरोखर खाल्ली, त्यांनी बसून राहा. दुसरी घ्यायची नाही. ज्यांनी थुंकली, ते उभे राहा. ओळीनं पुढे या, माझ्यासमोर चावा, वर पाणी प्या आणि तोंड उघडून दाखवा.