दुबळ्यांवरचा विजय

परवा घाटकोपरच्या आमच्या शाळेत मी मुलांना सायप्रसच्या मार्कोस बगदातिसची हकीकत सांगत होतो. लिमासोलजवळच्या खेड्यातला हा पोर टेनिससाठी चौदाव्या वर्षी पॅरिसला गेला. २००६ साली ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पहिला सेट जिंकूनही तो फेडररकडून हरला. पण त्याच वर्षी जगात आठवा झाला. पुढे डेव्हिस चषकात देशासाठी ओळीने ३६ एकेरी सामने जिंकून त्याने बोर्गचा ३३ चा विक्रम मागे टाकला.

एक मुलगा म्हणाला, “पण सर, बोर्गसमोर बलाढ्य देश होते. याच्यासमोर बहुतेक दुबळेच. मग कौतुक कसले?”

मुलुंडला उतरेपर्यंत तो प्रश्न माझ्याबरोबर होता. सायप्रस बहुधा खालच्या गटांत खेळे. तिथे जिंकावे तर नवल नाही, हरावे तर नामुष्की! पराक्रमात बोर्गचे पारडे जड, हे मी कबूल करतो. पण ऋण त्या तराजूत मोजता येत नाही. मोठ्या देशाचा खेळाडू गेला नाही, तर दुसरा पुढे येतो; लहान देशात त्याची जागा रिकामीच राहते. आपल्यावाचून जिथे अडते, तिथे कीर्तीचा हिशेब न मांडता जाणे, हेही मोठेपणच.

उद्या त्या मुलाला हे सांगेन. सांगताना आवाज जरा खाली येईल. गावची एकशिक्षकी शाळा सोडून मी मुंबईला आलो, तेव्हा तिथे दुसरा मास्तर नव्हता.