क्रुसावरची अक्षरं

इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठात धर्मभगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कोरलेली असत. पंडिता रमाबाईंना ती खटकली. आपल्याला न कळणारी भाषा अंगावर का बाळगायची, तिथं संस्कृत का नको, असं त्यांनी मठातल्या सिस्टर जेराल्डिनना पत्रातून सरळ विचारलं.

विचारणारी बाई कोण होती? दुष्काळानं आईवडील आणि बहीण नेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी कॉलऱ्यानं गेले. पदरात लहानगी मनोरमा. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजमध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा डोक्यावरचं छप्परही त्या मठाचंच होतं. अशा वेळी माणूस मान खाली घालतो. रमाबाई त्रैक्यावरून गुरुजनांशी वाद घालत राहिल्या. सदसद्विवेक कुणाकडे गहाण टाकायला त्यांनी ठाम नकार दिला. मला त्यांच्या श्रद्धेचं मूळ इथं दिसतं. ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं लागली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. इतक्या सावकाश, पारखून घेतलेली गोष्ट सहजासहजी सुटत नाही.

तिची परीक्षा पुण्यानं घेतली. रमाबाईंनी मुंबईत १८८९ मध्ये विधवा मुलींसाठी काढलेलं शारदासदन पुढच्याच वर्षी इथं आलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली आपणहून येऊन बसत. टिळकांच्या ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती मी खोटी म्हणणार नाही. सदनात धर्मशिक्षण देणार नाही, असा शब्द दिलेला होता. पण आपल्याच खोलीत चोरून प्रार्थना करायला रमाबाई तयार नव्हत्या. दार उघडंच राहिलं.

मग १८९७ चा प्लेग. सदनातली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली आणि पुढे तिचा पत्ता लागेना. रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारी कारभाराचे वाभाडे काढले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, तेव्हा गप्प बसावं, हे रमाबाईंच्या मनाला शिवलंच नाही. त्याच वर्षी टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले. चार वर्षांपूर्वी एकमेकांसमोर उभी ठाकलेली ही दोन माणसं त्या उन्हाळ्यात एकाच सरकारला जाब विचारत होती. शाळेत असताना हे कुणी आम्हाला शिकवलं नाही, याची हळहळ वाटते.

दुष्काळग्रस्त मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो मुली आणल्या, त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. उपासमार काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

आज दौंडकडे जाणारी गाडी केडगावला थांबते, तेव्हा मला त्यांचं शेवटचं काम आठवतं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं भाषांतर हाती घेतलं. प्रचलित मराठी बायबल संस्कृतानं जड झालेलं, खेड्यातल्या बाईला कळेना. कधीकाळी क्रुसावर संस्कृत मागणाऱ्या पंडितेनं आता संस्कृतही बाजूला ठेवलं. ऐकू येईनासं झालं होतं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईनं मुद्रितं तपासणं सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवले होते मुक्तीतल्याच बायकांनी.