बटण पुन्हा दाबण्याआधी

गादीवर तापून लॅपटॉप अचानक बंद पडलाय? बोट बटणावरून काढा. चार-पाचदा दाबून झालंच असेल, आता पुरे. चार्जरची पिन लॅपटॉपमधून काढा, भिंतीवरचं बटण बंद करा, माउस-पेनड्राइव्ह जे लावलेलं असेल ते सोडवा. लॅपटॉप दोन्ही हातांनी उचला, गादीवरून उतरवा आणि टेबलावर किंवा फरशीवर भिंतीला टेकवून कडेवर उभा करा. तळाची जाळी मोकळी राहिली पाहिजे. पंखा लावा. मग तुम्हीही बसा.

निदान अर्धा तास करण्यासारखं काही नाही. मे महिना असेल आणि तुम्ही अकोल्याला किंवा चंद्रपूरला असाल तर अर्धा तासही पुरायचा नाही. बाहेर पारा 45 च्या पुढे गेला की खोलीही तापलेली असते, आणि खोलीपेक्षा गार लॅपटॉप होऊ शकत नाही. बॅटरीचंही तसंच. लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर तापली की तिचं संरक्षक सर्किट चार्जिंग थांबवतं. तेव्हा मघाशी चार्जर लावूनही काही झालं नाही, एवढ्यावरून बॅटरी मेली असं ठरवू नका.

फ्रीजचा विचार मनात आला असेल. येऊ द्या आणि जाऊ द्या. गार पडलेला धातू बाहेरच्या हवेत आला की त्यावर दव धरतं. कोकणात, पावसाळ्यात तर हमखास. वाळ्याच्या कूलरसमोरही नको, त्याची हवा ओली असते.

आता तळहात लॅपटॉपच्या तळावर ठेवा. नुसता टेकवा, दाबू नका. एक बाजू जास्त तापलेली लागेल, बहुधा जाळीजवळची. तिथे प्रोसेसर आहे. हात हळूहळू पुढच्या कडेकडे आणा, जिथे टायपिंग करताना मनगटं टेकतात. तिथे बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी असते आणि तो भाग तुलनेने निवलेला असायला हवा. तो फुगीर लागतो आहे का? टचपॅड वर उचलला गेलाय का? टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डगमगतो का? यांपैकी काहीही खरं असेल तर इथेच थांबा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, पुन्हा चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. पुढची वाट सरळ दुकानाची.

तसं काही नसेल तर हात तिथेच राहू द्या आणि आत काय घडलं त्याचा विचार करा. प्रोसेसरचं तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. तुम्हाला ते जाणवलं असेल: माउस अडखळत होता, पंखा घोंगावत होता. तरीही ताप चढत राहिला आणि शेवटची मर्यादा ओलांडली की मशीन कुणाला न विचारता वीज तोडतं. फाइल सेव्ह करायलाही सवड देत नाही. ही शहाणीव प्रोसेसरांना सुरुवातीपासून नव्हती. 2001 साली टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटच्या मंडळींनी चालू कॉम्प्युटरांच्या प्रोसेसरवरचे, उष्णता वाहून नेणारे हीटसिंक काढून काय होतं ते चित्रित केलं होतं. पेंटियम 4 मंदावत तग धरून राहिला. अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला.

म्हणजे तुमच्यासमोरचा काळा पडदा बिघाडाचा असू शकतो, किंवा बिघाड टाळल्याचा. दिसायला दोन्ही सारखेच. अजून काही मिनिटं दोन्ही शक्यता तशाच राहू द्या. कुठलीही एक पक्की करायची घाई झाली की हात पुन्हा बटणाकडे जातो.

निवला? तळ खोलीइतकाच कोमट लागतो? मग पहिलं काम. लॅपटॉप बंद असला तरी आत एक छोटी चिप जागी असते. बटण दाबलं का, चार्जर लागला का, ताप किती, यावर तिचं लक्ष असतं. अचानक वीज तुटल्यावर कधीकधी तीच अडकून बसते. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा, नसेल तर राहू द्या. चार्जर न लावता पॉवरचं बटण दाबा आणि दाबून धरा. मनात एक ते तीस मोजा. दहा-बाराच्या आसपास वाटेल, काही होत नाहीये, सोडावं. सोडू नका. बाहेर दिसण्यासारखं काही होणारच नाहीये. आतल्या कपॅसिटरांमध्ये उरलेला विद्युतभार उतरतो आहे आणि ती चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आहे. तीस झाले की अंगठा उचला. काही मॉडेलांना याच कामासाठी तळाशी टाचणीएवढं भोक दिलेलं असतं.

बॅटरी काढली असेल तर ती बाहेरच ठेवून नुसता चार्जर लावा. बटण अजून नको. पिनजवळचा दिवा लागला का पाहा. नाही? मग त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून सॉकेटची खात्री करा. वायर पिनपाशी जिथे सतत वाकते, तिथे बोट फिरवा. शेजारी तितक्याच व्होल्ट-वॉटचा, तशाच पिनचा चार्जर मिळाला तर मागून आणा. पुष्कळदा लॅपटॉप धडधाकट असतो आणि त्याच्याबरोबर गादीत दबलेला चार्जरच गेलेला असतो.

दिवा लागला तर आता बटण दाबा, एकदाच. खोलीतला पंखा बंद करा आणि कान कीबोर्डजवळ न्या. आतला पंखा अर्धा फेरा घेऊन थांबला? कॅप्स लॉकचा दिवा लागतो? अंधार करून टॉर्च तिरका धरला तर पडद्यावर पुसट अक्षरं दिसतात? पंखा फिरतो आणि पडदा तेवढा काळा, हे दुखणं वेगळं. त्यात वीज पोहोचलेली आहे. टीव्हीला एचडीएमआय केबल लावून चित्र येतं का ते पाहता येईल, किंवा रॅमची पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्यानेही काम होऊन जाईल. काहीच हालचाल नसेल तर बहुधा बोर्डावरचा एखादा भाग शॉर्ट झालाय. ते घरी होणारं काम नाही.

समजा चालू झाला. हायसं वाटेल, ते वाटू द्या, पण लगेच अर्धवट राहिलेल्या कामात शिरू नका. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवा. मग बाजूच्या फटीसमोर हात धरा. हवा गरम आहे आणि जोरात येते आहे? की नुसताच आवाज?

नुसता आवाज असेल तर आतल्या तांब्याच्या नळीचा विचार करा. चपटी, जेमतेम पेन्सिलीएवढी रुंद. तिचं एक टोक प्रोसेसरवर, दुसरं पंख्याजवळच्या पातळ पत्र्यांमध्ये. हवा काढून सीलबंद केलेल्या त्या नळीत थोडंसं पाणी असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, वाफ गार टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत येते. 1963 मध्ये लॉस अ‍ॅलमॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी करून दाखवली. आपण लॅपटॉपला पाण्यापासून जपतो आणि तो तगतो तो आतल्या पाण्याच्या फेऱ्यांवर. पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये धूळ, केस, गादीतला कापूस यांचा राखाडी थर बसला की वाफेला निवायला जागाच उरत नाही. तो थर बाहेरून दिसत नाही. तळाचं झाकण काढलं तरी पंखा उचलावा लागतो. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट, एवढं काम कुठल्याही चांगल्या दुकानात होतं.

आणि चालू झाला नाही तर? जीव नेमका कशात अडकलाय ते पाहा. लॅपटॉपच्या किमतीत की आतल्या फोटोंत, प्रबंधात, हिशेबांत? बऱ्याच मॉडेलांत फाइली साठवणारी एसएसडी एका स्क्रूवर बसवलेली सुटी पट्टी असते आणि ती बोर्डाबरोबर मरत नाही. काहींत मात्र ती बोर्डालाच जोडलेली असते, तिथे काम अवघड. विंडोजने बिटलॉकरचं कुलूप घातलं असेल तर 48 आकडी किल्ली लागेल; ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाइलवरून आत्ताच पाहून ठेवा.

चिपला गरम हवा देऊन चालू करून देतो, असं कुणी म्हणेल. कदाचित होईलही. 2008 मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिपांच्या सदोष जोडणीपायी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली, त्या काळात हा उपाय गल्लोगल्ली चालला. त्याने जोड तेवढ्यापुरता धरतो, पुन्हा तापला की पुन्हा सुटतो. फाइली काढण्यापुरता चालेल, त्याला दुरुस्ती समजून पैसे मोजू नका.

दुकानात ‘मदरबोर्ड गेलाय’ असं निदान सांगू नका. पाहिलंत तेवढंच सांगा: कशावर ठेवला होता, काय चालू होतं, दिवा लागतो का, पंखा हलतो का. आणि डेटा हवा असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा, पावतीवर लिहून घ्या. नाहीतर कारागीर मशीन चालू करतो, विंडोज नव्याने टाकतो आणि मोठ्या अभिमानाने तुमच्या हातात कोरा लॅपटॉप ठेवतो.