वस्तरा धरलेला हात

आईच्या माहेरी, वाईला, माईआजी होती. आईची आत्या. चौदाव्या वर्षी तिचा नवरा गेला आणि महिन्याभरात तिला मागच्या पडवीत न्हाव्यासमोर बसवलं. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं तिच्या अंगावर विधवेचं लाल आलवण होतं, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी लहान असताना एकदा पुण्याहून शिकून आलेला मामा पानावर बसल्या बसल्या तिला म्हणाला, “माई, काढून टाक ते आलवण. किती वर्षं ही गुलामी सोसणार?”

वाढता वाढता तिचा हात थांबला. “तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं,” ती म्हणाली, “आणि आज तूही विचारत नाहीस.”

मामानं मान खाली घातली. तो बोलला होता मायेपोटीच. तरी माईचं खरं होतं.

मुस्लिम स्त्रियांच्या बुरखा, नकाब, हिजाबावर बंदी घालायची भाषा जेव्हा जेव्हा निघते, तेव्हा मला हे वाक्य आठवतं.

इराणचंच पाहा. जानेवारी १९३६ मध्ये रझाशहानं बायकांच्या ‘चादर’ या डोक्यावरून घ्यायच्या अंगभर वस्त्रावर बंदी आणली. स्त्री मोकळी व्हावी, देश पुढं जावा, असं कारण दिलं. पोलीस भर रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढून काढू लागले. परिणाम असा झाला, की कित्येकींनी उंबरा ओलांडणंच सोडलं. घरोघरी न्हाणीघर नसायचं, अंघोळीला सार्वजनिक हमामला जावं लागायचं; तेसुद्धा मुश्किल होऊन बसलं. १९४१ मध्ये शहा पायउतार झाला आणि ती सक्ती सैल पडली. मग १९७९ ची क्रांती आली आणि वारं उलटं फिरलं. त्याच वर्षी ८ मार्चला हजारो स्त्रिया हिजाबच्या सक्तीविरुद्ध तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या होत्या. तरीही १९८३ मध्ये डोकं न झाकणाऱ्या बाईला फटक्यांची शिक्षा कायद्यात आली.

१९२० साली तेहरानमध्ये जन्मलेल्या एखाद्या बाईची कल्पना करा. सोळाव्या वर्षी पोलिसाच्या धाकानं तिला डोकं उघडं करावं लागलं आणि त्रेसष्टाव्या वर्षी पोलिसाच्याच धाकानं ते झाकावं लागलं. दोन्ही वेळा तिला सांगितलं गेलं, की हे तुझ्या भल्यासाठी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये २२ वर्षांच्या महसा अमिनीला हिजाब नीट नसल्याच्या कारणावरून पकडलं आणि तीन दिवसांनी ती इस्पितळात मरण पावली. त्यानंतर इराणी मुलींनी ओढण्या जाळल्या. आपल्या डोक्याचा निर्णय आपणच घेऊ, एवढंच त्यांचं मागणं होतं.

फ्रान्समध्ये ११ एप्रिल २०११ पासून सार्वजनिक जागी चेहरा झाकायला मनाई आहे. दंड १५० युरोपर्यंत. या कायद्याविरुद्ध एक तरुणी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली. तिचं म्हणणं साधं होतं: नकाब मी स्वतःच्या इच्छेनं घालते, नेहमी घालतेच असंही नाही. बँकेत, विमानतळावर ओळख पटवायला चेहरा दाखवायची माझी तयारी आहे. जुलै २०१४ मध्ये न्यायालयानं कायदा कायम ठेवला. पण बंदी स्त्री-पुरुष समानतेसाठी हवी, हे कारण त्यानंही स्वीकारलं नाही. जी गोष्ट बाई स्वतः आपला हक्क म्हणून मागते, ती समानतेच्या नावानं तिच्याकडून काढून घेता येत नाही, असं न्यायाधीशांनी मानलं. त्यांनी मान्य केलं ते एकत्र राहण्याचं कारण: समाजात माणसांना एकमेकांचे चेहरे दिसायला हवेत.

हे कारण मला पोकळ वाटत नाही. आपण अनोळखी माणसावर भरवसा ठेवतो तो बराचसा चेहरा वाचूनच. पण दंडाची पावती फाडल्यानं शेजार कसा जुळेल? निदान बाजारात येणारी बाई भीतीनं घरीच बसली, तर तिचा चेहरा कुणालाच दिसणार नाही, आणि तिलाही जग दिसणार नाही.

आपल्याकडे कर्नाटकातल्या उडुपीत २०२२ च्या सुरुवातीला मुली हिजाबबंदीपायी वर्गाबाहेर राहिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथं दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. त्यातले न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांच्या नजरेपुढं सगळ्यांत आधी होती ती मुलगी: घरची धुणीभांडी आवरून, शंभर अडचणींतून वाट काढत शाळेच्या दारापर्यंत पोचलेली. आपण तिचं जगणं थोडं तरी सुकर करतो आहोत का, असं त्यांनी विचारलं. मला हाच प्रश्न कळीचा वाटतो.

याचा अर्थ बुरख्यामागं सक्ती नसतेच, असं मी म्हणणार नाही. असते. बापाची, भावाची, मोहल्ल्याची असते. “मी आवडीनं घालते,” म्हणणाऱ्या एखादीच्या आवडीतही लहानपणापासूनचा धाक मुरलेला असू शकतो. माईच्या आलवणात तो होताच. मग या सक्तीवर हात टाकायचा कसा?

याचं उत्तर आपल्याच मातीत सापडतं. १८९० च्या सुमारास कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी ठरवलं, की विधवेच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. आलवण नेसून बाहेर पडणाऱ्या विधवेला दंड करा, असं त्यांच्यापैकी कुणी म्हटलं नाही. वस्तरा धरलेला हातच त्यांनी मागं घेतला. अण्णासाहेब कर्व्यांनी हिंगण्याला विधवांसाठी शिक्षणाचं दार उघडलं आणि आत येणारीला, तू काय नेसून आलीस, म्हणून परत पाठवलं नाही. पुढं १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम स्त्रिया तलाकच्या अन्यायाविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर चालत गेल्या. सातच होत्या, पण आपल्या पायांनी गेल्या. सक्ती अशीच सुटत आली आहे. जुलूम करणारा हात कुणीतरी धरला, दार कुणीतरी उघडं ठेवलं, आणि पाऊल जिचं तिनं उचललं.

आज बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी बुरख्यातली एखादी बाई दिसेल. तिच्या कपड्यावरून तिच्या मनाचा निकाल लावण्याआधी एवढंच स्वतःला विचारू या, की तिच्यावर सक्ती झाली तर दाद मागायला तिला जागा आहे का, आणि तिथवर जाण्याची वाट आपण मोकळी ठेवली आहे का.

मामानं आलवणाचा विषय पुन्हा काढला नाही. माईनंही ते शेवटपर्यंत सोडलं नाही. पण मामाची मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हा रोज सकाळी ओसरीवर तिला पुढ्यात घेऊन, तेल चोपडून, दोन घट्ट वेण्या माईच घालायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.