आड, पोहरा आणि रांजण

बसवर ‘मोफत वाय-फाय’ अशी पट्टी दिसली की गाडीत इंटरनेट आलं, असं आपण धरून चालतो. पहिली गल्लत तिथेच होते. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. गाडीत बसवलेली पेटी आणि तुमचा मोबाईल यांच्यामधला काही मीटरचा बिनतारी दुवा, एवढंच ते. मग पेटीला इंटरनेट कुठून मिळतं? तिच्यातही सिमकार्डच असतं, आणि तेही तुमच्या सिमसारखं रस्त्याकडेच्या टॉवरवरच अवलंबून असतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

रेल्वे स्टेशनची गोष्ट वेगळी. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगल यांनी मुंबई सेंट्रलला मोफत वाय-फाय सुरू केलं. रुळांच्या कडेने ऑप्टिकल फायबर आधीच गेलेली होती, आणि स्टेशन जागचं हलत नाही. बस मात्र एका टॉवरच्या टापूतून दुसऱ्याच्या टापूत सतत शिरत असते, आणि घाटात तर टापूच संपतो.

पेटी निरुपयोगी आहे असं मात्र नाही. गाडीच्या पत्र्याने आत क्षीण होणारा सिग्नल छतावरच्या अँटेनाला बरा मिळतो. दोन कंपन्यांची सिमकार्डं घातली तर एकीची रेंज गेल्यावर दुसरी सांभाळून घेते. पण शेवटी ती वाटणीच. समजा, पेटीला २० एमबीपीएस वेग मिळाला आणि गाडीत ४० प्रवासी आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा एमबीपीएस येतो. निरोप पाठवायला तो पुष्कळ झाला, पण सगळ्यांनी सिनेमा लावला तर कुणाचाच धड चालणार नाही.

आता खरा पेच पाहा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि शहरातल्या बहुतेक प्रवाशांच्या खिशात स्वतःचं नेट आलं. जिथे टॉवर भरपूर आहेत तिथे पेटीची गरज उरली नाही. जिथे गरज आहे त्या आडमार्गाला टॉवरच नाही.

म्हणून मला रांजणाचा मार्ग पटतो. आडावर गेल्यावर भरून घ्यायचा, दिवसभर पुरवायचा. काही वर्षांपूर्वी एसटीच्या गाड्यांत बसवलेल्या पेट्या अशाच होत्या: आत साठवलेले चित्रपट नि मालिका, वाय-फायवरून मोबाईलवर पाहायच्या. लोकांना वाय-फाय म्हटल्यावर इंटरनेट हवं होतं, म्हणून ते हिरमुसले. माझ्या मते कल्पना योग्य होती. नाव चुकलं, आणि रांजणात काय भरायचं याचा विचार कमी पडला.

संध्याकाळी तालुक्याहून निघणारी मुक्कामाची गाडी डोळ्यांसमोर आणा. रात्रभर ती गावात उभी असते आणि सकाळी शाळा-कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन परत निघते. डेपोत असताना तिच्या पेटीत बालभारतीची पुस्तकं भरता येतील. ती पीडीएफ रूपात मोफत मिळतातच. जोडीला आगाराचं वेळापत्रक, पुढच्या गाड्या, शिष्यवृत्तीचे अर्ज. अशी पेटी थोड्याशा विजेवर चालते आणि घाटातही बंद पडत नाही.

महामंडळाने अशा दहा मुक्कामी गाड्या निवडून हे एक वर्ष करून पाहावं. आणि पट्टीवर खरं तेच लिहावं: ‘या गाडीत इंटरनेट नाही. पुस्तकं आणि वेळापत्रक आहे.’