शून्य रकमेचे बिल

फुकट मिळालेली वस्तू जपून वापरण्याचे बंधन आपल्यावर असते काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु आज तो विजेच्या बिलाच्या रूपाने घरोघरी येऊन उभा राहिला आहे.

म्हैसूरच्या कुवेंपुनगरात शेजारी शेजारी दोन घरे आहेत, अशी कल्पना करू. २०२२-२३ या वर्षी एका घरास महिन्याला सरासरी ४० युनिट वीज लागली, दुसऱ्यास १८०. कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये ‘गृहज्योती’ योजना आणली. तिच्यानुसार २०० युनिटांच्या मर्यादेत, त्या वर्षीची सरासरी व तिच्यावर दहा टक्के, इतकी वीज मोफत ठरली. म्हणजे पहिल्या घराच्या वाट्याला ४४ युनिट आली, दुसऱ्याच्या १९८. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने, ज्यांची सरासरी ४८ युनिटांहून कमी आहे त्यांना दहा टक्क्यांऐवजी १० युनिट अधिक देण्याचे ठरविले. तेव्हा पहिल्या घराचा वाटा ५० झाला. दुसऱ्या घरी माणसे अधिक असतील, कोणी अंथरुणास खिळलेले असेल. त्यास दोष देणे योग्य नव्हे. परंतु गरज किती आणि उधळपट्टी किती, हे त्या सरासरीने विचारलेच नाही. तो प्रश्न घरच्यांसाठीच उरला.

त्याचे उत्तर देण्यासाठी युनिट समजून घेतले पाहिजे. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट खर्च होते. दोन हजार वॅटचा गीझर तेवढी वीज अर्ध्या तासात घेतो. दहा वॅटचा दिवा तेवढ्यात शंभर तास जळतो. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमधील उष्णता याच मापाने मोजली, तर ती सुमारे १८० युनिट भरते. म्हणजे दुसऱ्या घराच्या मोफत विजेत एका सिलिंडरहून अधिक ऊर्जा आहे.

आणि तो सिलिंडर मार्च २०२३ मध्ये दिल्लीत ११०३ रुपयांवर गेला होता. असा भाव चढला की सधन घरी कुरकुर होते. गरिबाघरी मात्र शेगडी कोपऱ्यात जाते आणि धुराची चूल पुन्हा पेटते. महागाई काटकसर शिकविते खरी, पण तिची छडी गरिबाच्याच पाठीवर बसते. म्हणून मोफत विजेकडे पाहून नाक मुरडणे न्यायाचे होणार नाही.

तथापि, जेथे किमतीचा धाक संपतो तेथे विवेकाचे काम सुरू होते. बिलावर शून्य असले तरी मीटर शून्यावर थांबत नाही. आपले पैसे सरकारी तिजोरी भरते. रायचूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतच असतो. ‘माझ्या वाट्याचे आहे, मग संपवीन’ हे म्हणणे कायद्याने चूक नाही. पण हक्क आणि गरज या दोन गोष्टी एक नव्हेत.

पाच हजारांना मिळालेली ती भाकर फुकटच होती. कोणी दाम दिला नव्हता, आणि देणाऱ्यापाशी काही उणे नव्हते. तरीही प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. विपुलता हे उधळण्याचे कारण होऊ शकत नाही, हेच यातून दिसत नाही काय?

आपण न वापरलेली वीज शेजारच्या घरी जात नाही, हे खरे. पण तिच्यासाठी कोळसा जाळावा लागत नाही. म्हणून वाचकहो, पुढील बिल हाती येईल तेव्हा रुपयांचा रकाना पाहून ते बाजूला ठेवू नका. युनिटांचा रकाना वाचा, मागील महिन्याशी ताडून पाहा, आणि वाढ झाली असेल तर ती कोणाच्या गरजेसाठी झाली, हे घरात सर्वांनी मिळून विचारा. रुग्णाच्या खोलीतील पंखा असेल तर निश्चिंत असा. रिकाम्या खोलीतील असेल, तर उठून बटण बंद करा.